अंडे बंद

माझ्या धाकट्या बहिणीने गेली बारा-तेरा वर्षं अंडं खाल्लेलं नाही. उपवास नाही, गळ्यात माळ नाही, कुठल्या बाबाचा गुरुमंत्रही नाही. मटण खाते, मासोळी खाते, झिंगे मिळाले तर दोनदा वाढून घेते. फक्त अंडं नाही. ती आमच्याकडे चंद्रपूरला आली आणि घरात अंड्याचा रस्सा शिजत असला, की माझी बायको तिच्यासाठी वेगळी वांग्याची भाजी टाकते. एखाद्या पाहुण्याने विचारलंच, तर बहीण ताटावरून मान न उचलता सांगते, "मले डॉक्टरनं अंडे बंद सांगतले हायेत. नागपूरच्या."

कोणत्याही डॉक्टरने तिला असं सांगितलेलं नाही. मी सांगितलं होतं. आणि तिने ते पाळलं.

ती हे बोलते तेव्हा मी बहुतेक वेळा पाणी पितो. इतक्या वर्षांत बायकोने कधी विचारलं नाही, की बहिणीने अंड्याचं नाव काढलं की तुम्हाला तहान का लागते. विचारलं असतं तर सांगितलं असतं का, ठाऊक नाही. मी कमी बोलणारा माणूस आहे आणि त्याचं कौतुकही पुष्कळ झालं. ऑफिसात म्हणतात, साहेब कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी साहेब नाही, साधा कृषी सहायक आहे. गडचिरोलीत बरीच वर्षं काढली, आता चंद्रपूरला आहे. कमी बोलण्याने लोकांचं किती वाकडं होऊ शकतं, ते मला एका माणसापुरतं तरी माहीत आहे.

यंदा भर उन्हाळ्यात बहिणीचा कोरपन्याहून फोन आला. तिचे मालक, म्हणजे आमचे जावई, तिकडच्या एका सिमेंट फॅक्टरीत आहेत. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. तिने आधी वहिनीशी मसाल्याचं, कापसाच्या भावाचं बोलून घेतलं आणि मग फोन माझ्याकडे द्यायला सांगितला.

"भाऊ, माही जुनी फाईल तुह्याकडंच हाये ना?"

"कोणती?"

"कोणती म्हंजे? गाठीची. आमी नागपूरले जाऊन राह्यलो ना पुढच्या महिन्यात. लेकराचं इचाराले. तिथली मॅडम म्हने, आधी का का औषध देल्लं ते सारं पाह्यलं पायजे. जुना एक कागदबी सोडू नका म्हने."

मी म्हटलं, शोधतो. शोधायची काही गरज नव्हती. फाईल कपाटाच्या वरच्या फळीवर, बायकोच्या लग्नातल्या साड्यांच्या पेटीखाली होती आणि मला ती डोळे मिटून काढता आली असती.

त्या गाठीच्या वेळी बहीण तेवीस वर्षांची होती. डी.एड. संपवून चंद्रपुरात खोली करून राहत होती आणि एका खासगी शाळेत शिकवायला जात होती. संध्याकाळी जटपुरा गेटाकडच्या हातगाडीवर दोन उकडलेली अंडी, वरून तिखट-मीठ, कांदा, हे तिचं रोजचं. मी कधी गेलो तर मलाही उभं करून खायला घाली. अशाच एका संध्याकाळी, तोंडात घास असताना, ती मानेला हात लावून म्हणाली, "भाऊ, पाह्य बरं, इथी का आलं?" बोराएवढी गाठ होती. मी म्हटलं, थंडीची असेल.

ती थंडीची नव्हती. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठ-दहा दिवसांत आम्ही नागपूरला एका मोठ्या हॉस्पिटलात होतो. मी, बहीण, आणि गावाहून आलेली आई. वडील आधीच गेलेले. रक्ताशी संबंधित कॅन्सर, पण बरा होणाऱ्यातला, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. केमो द्यावी लागेल. आईला मी 'सलाईनातून औषध' एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बहीण आत कसल्याशा तपासणीला गेली होती. आई बाहेर बाकावर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. एक तरुण डॉक्टरीण बाई माझ्याकडे आल्या. चष्मा, केस घट्ट बांधलेले, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. मला जरा बाजूला घेऊन म्हणाल्या, की या औषधांनी जीव वाचेल, पण पुढे मूल होण्याची शक्ती जाऊ शकते. जाईलच असं नाही, जाऊ शकते. म्हणून केमोच्या आधी तिची स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवता येतात. दहा-बारा दिवस इंजेक्शनं, मग छोटी प्रक्रिया. दोन आठवडे थांबायला हिचा आजार परवानगी देतो, मोठ्या सरांना विचारलं आहे. पुढे लग्न झालं, मूल हवं झालं, तर ती बीजं कामी येतील. खात्री नाही, पण वाट राहील.

मी नुसताच बघत राहिलो असणार. त्यांना वाटलं मला कळलं नाही. मग त्यांनी सोपं करून, जरा मोठ्याने सांगितलं, "एग्ज, अंडे. तिचे अंडे काढून फ्रीज करून ठेवायचे."

बाकावरून आईने नेमकं तेवढंच ऐकलं.

"काय म्हनते रे बापू डॉक्टरीन बाई? अंडे फ्रीजमंदी ठेवा लागते म्हनते का? आपल्याकडं कुठी फ्रीज हाये?"

डॉक्टरीण बाईंना हसू आलं, चांगलं हसू. त्या म्हणाल्या, "मी बोलू का तिच्याशी? ती मोठी आहे, तिचा निर्णय आहे. आईंनाही समजावून सांगते."

मी म्हटलं, "नको, मी सांगतो."

त्या गेल्या. मी बाकापाशी आलो. आई तोंडाकडे बघत होती. मला सांगायचं होतं ते असं: तुझ्या कुवार मुलीला आतून तपासतील, इंजेक्शनं देतील, बीजं काढतील, तिच्या पोटी पुढे मूल व्हावं म्हणून. यातला एकही शब्द मी आईपुढे आयुष्यात उच्चारला नव्हता. घरात बाया बाहेर बसल्या की आम्ही पोरं त्या बाजूला बघायचं सोडून द्यायचो, इतकंच आमचं त्या विषयातलं शिक्षण. आणि बहिणीला सांगायचं? भावाने? मी आईला म्हटलं,

"नाई आई, अंडे बंद करा लागते म्हने. या औषधाले चालत नाई."

"आतापुरतेच बंद?"

"कायमचेच."

"डॉक्टर म्हनते तं म्हनते बापा," आई म्हणाली. "लेकरू वाचलं पायजे."

बहीण तपासणीतून बाहेर आली तर आईनेच तिला सांगितलं. मला सांगावंही लागलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरीण बाई पुन्हा भेटल्या. "बोललात?" मी म्हटलं, "हो. ती नाही म्हणते." त्या म्हणाल्या, "नक्की? एकदा मी—" मी म्हटलं, "ती फार घाबरली आहे, तिला पुन्हा विचारू नका. उपचार लवकर सुरू करा." त्यांनी कागदावर काही लिहिलं आणि सही करायला दिलं. मी केली. खर्चाचं त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. तो आडोसासुद्धा मला घेता येत नाही.

आता मला विचाराल तर त्या वेळी माझ्या मनात काय होतं, ते मी पुष्कळ वेळा खणून पाहिलं आहे. दोन आठवड्यांत आजार वाढेल ही भीती होती. ती खरी होती, पण लहान होती. मोठी होती ती लाज. त्याखाली अजून एक गोष्ट होती आणि ती लिहायला मला सगळ्यांत जड जातं. मला मनातून वाटलं होतं, की ही वाचली तरी पुरे. हिचं लग्न काय नि लेकरू काय, आता कोण करतो हिच्याशी लग्न. तेवीस वर्षांच्या पोरीचा हिशेब मी उभ्या उभ्या मिटवला होता, तिला न विचारता.

वॉर्डात रोज सकाळी दूध, ब्रेड आणि एक उकडलेलं अंडं यायचं. बहिणीचं वजन उतरत चाललेलं, तोंडाला चव नाही, आणि ती ते अंडं बाजूच्या खाटेवरच्या बाईला द्यायची. एकदा नर्सने टोकलं, "अरे, ताकत कहाँ से आयेगी? अंडा क्यूँ नहीं खाती?" बहीण म्हणाली, "डॉक्टरने बंद किया है." नर्स हसली, "कौनसे डॉक्टरने?" मी तिथेच होतो. मी मध्ये पडून म्हटलं, "सिस्टर, उसको चलता नहीं." नर्सला दहा कामं होती. ती पुढे गेली.

आईने गावाकडच्या घरातल्या सगळ्या कोंबड्या देऊन टाकल्या. घरात अंडंच नको, पोरीला वास आला तर खावंसं वाटेल, म्हणून. पाच-सहा वर्षांनी आई गेली तोवर तिने पुन्हा कोंबडी पाळली नाही. पोरगी वाचली ती या पथ्याने, असं ती शेजारणींना सांगायची.

बहीण बरी झाली. हे लिहिताना अजूनही मला श्वास घ्यावासा वाटतो, इतकी ती बरी झाली. केस आले, आधीपेक्षा कुरळे. शाळा पुन्हा सुरू झाली. बायकोकडून मला कधीतरी कळलं, की तिचं महिन्याचं बंद झालं होतं ते परत आलं. त्या दिवशी मी सुटलो असं मला वाटलं. मग स्थळ आलं. माणूस भला निघाला. गाठीचं सगळं सांगितलं, तर म्हणाला, "होते ते, माह्या मामालेबी झालं होतं." लग्न झालं. लग्नाच्या दोन-तीन वर्षांनी तिचं महिन्याचं पुन्हा बंद झालं, ते कायमचंच.

इतकी वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आलो. म्हणायचो, त्या दिवशी माझ्याकडे शब्द नव्हता. त्या बाईंनी 'अंडे' म्हटलं नसतं, आपल्याकडच्या लोकांना कळेल असा शब्द असता, तर मी सांगितलं असतं.

फाईल काढली त्याच आठवड्यात माझं एका गावात धानाच्या बियाण्याचं प्रात्यक्षिक होतं. हे मी दर वर्षी करतो. ओलं गोणपाट पसरायचं, त्यावर दहा-दहाच्या रांगेत शंभर दाणे मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं, आठवडाभराने उघडून किती उगवले ते मोजायचं. म्हणजे घरची बिजाई, पेरायला राखून ठेवलेलं बियाणं, पेरणीजोगी आहे की नाही ते कळतं. एका म्हाताऱ्या बाईने आपली बिजाई आणली होती, लुगड्याच्या फडक्यात बांधून. मी म्हटलं, "आजी, किती सालाची?" ती म्हणाली, "मागच्या सालचीच. लेकाले म्हनलं, उपाशी राहीन पन बिजाईले हात नाई लावू देनार." आजूबाजूचे हसले. मीही हसलो. मग माझे हात दाण्यांवर थांबले.

माझी आई हेच करायची. खायचे धान वेगळे, बिजाई वेगळी. वर बांबूच्या तट्ट्यात, राख लावून. घरात काहीही होवो, त्याला हात नाही. बाकावर बसलेल्या त्या बाईला मी एवढंच म्हणायला हवं होतं, "आई, पोरीची बिजाई काढून ठेवतो म्हनते डॉक्टरीन." तिला एका क्षणात कळलं असतं. बहुधा तिनेच मला आत ढकललं असतं, जा, ठेव म्हन.

शब्द होता. दिवसातून वीसदा मी तो वापरत होतो. पगारच त्याचा घेत होतो.

फाईल मी रविवारी दुपारी उघडली, बायको माहेरी गेली असताना. पानांना मीच कधीतरी लाल पेनाने नंबर टाकले होते, सरकारी माणसाची खोड. चौदाव्या पानावर त्या डॉक्टरीण बाईंचं तिरकं इंग्रजी, तीन ओळी. मूल होण्याच्या शक्तीबद्दल आणि बीजं गोठवण्याबद्दल समजावून सांगितलं. रुग्णाने नकार दिला, भावामार्फत कळवला. खाली माझी सही, तेव्हा मी जरा फर्राटेदार करायचो तशी.

रुग्णाने नकार दिला.

नागपूरच्या नव्या मॅडम हे वाचतील आणि टेबलाच्या पलीकडून तिला विचारतील, तेव्हा तुम्ही नाही का म्हणालात? नवरा शेजारी बसलेला असेल. आणि बहीण म्हणेल, मी? कधी?

तो कागद मी काढला. खोटं कशाला सांगू. पण तेराव्या पानानंतर पंधरावं आलं असतं. म्हणून मी पुढचे नंबर खोडून नवे टाकायला बसलो. पंधराचं चौदा केलं. सोळाचं पंधरा केलं. पुढे अजून साठेक पानं होती. मला एकदम थकवा आला. पश्चात्ताप वगैरे नव्हे, थकवाच, उन्हात शेताचे बांध मोजून आल्यावर येतो तसा. इतकी वर्षं मी हेच करत होतो. दर जेवणाला एक नंबर खोडत होतो. मी पेन ठेवलं आणि कागद जागेवर लावला.

पुढच्या रविवारी राजुऱ्यावरून कोरपन्याची बस धरली. सिमेंटच्या ट्रकांमागे तास-दीड तास. बहीण दारात बसून सुपात तूर निवडत होती. जावई पहिल्या पाळीला गेले होते, तीननंतर येणार होते.

"वा, सोता घेऊन आला!" ती म्हणाली. "मले वाटलं कोनाच्या हातानं धाडशीन. ठेव तिथी. जेवून आला का तसाच?"

"एक कागद वाचून दाखवतो म्हनलं तुले."

"मॅडम वाचन ना भाऊ. मले त्या इंग्रजीतलं का समजते?"

"म्हनूनच."

मी चौदावं पान उघडून वाचलं, एकेक ओळ मराठीत करून. ती सूप हलवत ऐकत होती. नकाराच्या ओळीशी सूप थांबलं.

"मी कवा नाई म्हनलं? कशाले नाई म्हनलं?"

"तू नाई म्हनलं नाई. तुले इचारलंच नाई मी." मग मी तो शब्द वापरला. "तुही बिजाई काढून ठेवतो म्हने ते डॉक्टरीन बाई. औषध द्यायच्या आंधी. पुढं लेकराले कामी येईन म्हनून. अंडे म्हनलं तिनं, ते हे अंडे. खायाचे नाई."

तिला लगेच कळलं. ते मी बघितलं, चेहऱ्यावर कसं उतरत गेलं ते. गल्लीत कोणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती होईना.

"किती दिवस लागत होते?"

"दोन हप्ते."

"तेवढे दिवस होते?"

"होते म्हने."

"अन् तू नाई म्हनून सांगतलं."

"हो."

"माह्या नावानं."

"हो बाई."

ती रडेल, ओरडेल, असं वाटून मी तयार होतो. तिने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. मग एकदम तिचा आवाज चढला, पण मी धरून चाललो होतो त्याबद्दल नव्हे.

"मंग मी अंडे काऊन सोडले रे? आं? वार्डात रोज सकाळी अंडा ये. मी त्या बाजूच्या बाईले देत होती. मले भूक लागे, भाऊ! तोंडाले कायीच चव नव्हती, फक्त तेच एक खावंसं वाटे. अन् तू उभा राहून पाहे. त्या बाईले दोन दोन अंडे खाताना पाहे तू! मायनं कोंबड्या देल्ल्या..." तिचा श्वास पुरेना. "लेकराचं जाऊ दे. ते झालं असतं का नसतं, देवाले मालूम. पन अंडा तं समोर होता ना रे ताटात."

 

मी उठलो, तर ती म्हणाली, "बस. कुठी चालला?" मी बसलो. "तीनले ते येतीन. त्याईले तूच सांगशीन. मी नाई सांगत तुह्यं. अन् असंच सांगशीन, बिजाई म्हनून. इंग्रजीत नाई."

तीनला दीड तास होता. तिने चहा केला नाही, पाणीही विचारलं नाही, आणि तिच्या घरी असं कधी झालेलं नव्हतं. ती तूर निवडत राहिली, निवडून झाली तशी पुन्हा सुपात घेऊन निवडली. जावई आले, हातपाय धुतले, "अरे भाऊ, कवा आले?" म्हणाले. मी दुसऱ्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जातं असं लोक म्हणतात, तसं काही नाही. ते भिंतीला टेकून ऐकत होते. शेवटी फक्त म्हणाले, "बरं." ते बायकोशेजारी जाऊन बसले. मग मी निघालो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ते तिसरं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी इतकी वर्षं वेगळी भाजी टाकत होती." सगळ्यांना आधी आपापली लहान गोष्टच दिसते. कदाचित मोठी एकदम हातात मावत नसेल.

ते नागपूरला जाऊन आले. तिची स्वतःची बीजं आता उरलेली नाहीत, असं तपासणीत निघालं. दुसऱ्या एखाद्या बाईचं बीज घेऊन करता येतं म्हणतात. त्यांचा विचार चालू आहे की नाही, मला सांगितलेलं नाही. मी विचारलेलंही नाही. विचारायचा हक्क मी एकदा वापरला नाही, तो पुन्हा कुठून आणू.

बायको म्हणते, अंडं ती अजून खात नाही. "आता वास येते मले," म्हणते.

नागपूरहून परतल्याच्या दिवशी तिने माझ्या मोबाइलवर एक फोटो पाठवला होता. खाली शब्द एकही नाही. चौदाव्या पानाचा फोटो. नकाराच्या ओळीवर निळ्या पेनाने सरळ रेघ मारलेली, आणि शेजारी तिच्या शाळामास्तरणीच्या गोल अक्षरात, मराठीत: 'मले इचारलं नव्हतं.' पुढे तिची सही. माझ्या सहीच्या वर.